किलोमागे शंभर ग्रॅम

“बाबा, आज बॉक्स येईल. मी ऑफिसात असेन. फुटलंबिटलं नाही ना, तेवढं जरा नीट बघून घ्या,” असं ऋतिका मंगळवारी सकाळी चप्पल घालता घालता बोलून गेली आणि तिथेच घात झाला.

लवू घाडींना ‘नीट बघून घ्या’ असं कधी सांगायचं नसतं. हे गोरेगावच्या शिवसागर सोसायटीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पंपांच्या कारखान्यात घाडींनी तेहेतीस वर्षं एकच काम केलं. बाहेरून आलेला माल कागदाशी ताडून बघायचा, बरोबर असेल तर हिरवं स्टिकर, नसेल तर लाल. त्या खात्याला इन्वर्ड म्हणत. तेहेतीस वर्षांत चुकीचा माल पास केला नाही आणि बरोबर माल नापास केला नाही, एवढी एकच कमाई ते सांगत, पण रोज सांगत. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने दिलेलं घड्याळ कुठे गेलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. स्टिकरांची दोन भेंडोळी मात्र त्यांनी साहेबांकडून मागून आणली होती आणि ती कपाटात वनमालाबाईंच्या शालूशेजारी ठेवलेली असत.

आता घरी येणाऱ्या मालाची काय कथा! कुकर आला, तपासला. पंखा आला, तपासला. एका दिवाळीला घाडींच्या बहिणीने फराळ पाठवला. त्यातल्या चकल्या एका मापाच्या नव्हत्या म्हणून डब्यावर लाल स्टिकर लागलं, आणि तो डबा तसाच्या तसा परत गेला. वन्संनी पुढे चार महिने फोन उचलला नाही. वनमालाबाई तेव्हापासून भाजी घेऊन आल्या की पिशवी पदराखाली धरून थेट स्वयंपाकघरात जात.

बॉक्समध्ये होता गेम खेळायचा कन्सोल. ऋतिका सत्तावीस वर्षांची, अंधेरीला विमा कंपनीत नोकरी करणारी, आणि तिला हे खूळ आजचं नव्हतं. लहानपणी ती आणि तिचा मोठा भाऊ देवेश जुन्या टीव्हीला कॅसेटचा गेम लावून इतके भांडत, की खालचे लोक जिना चढून वर येत. देवेश दीड वर्षापूर्वी मस्कतला नोकरीला गेला आणि घर गप्प झालं. त्याने तिकडे कन्सोल घेतला. मग हिने इकडे घेतला. आता दोघं आपापल्या घरी बसून एकत्र खेळू शकणार होती, बोलणंसुद्धा टीव्हीतून ऐकू येणार होतं. शुक्रवार देवेशच्या सुट्टीचा. शुक्रवारी अकरा वाजता पहिला खेळ ठरला, ऋतिकाने रजा टाकली. आणि तो शुक्रवार चुकवून चालणार नव्हतं, कारण शनिवारी देवेश चार महिन्यांसाठी वाळवंटातल्या साइटवर जाणार होता. तिथे पाण्याचीच बोंब, तर इंटरनेट कुठलं!

“दोघांचा भांडान ऐकून दीड वर्षा झाली गो,” वनमालाबाई शेजारणीला सांगत होत्या. “शुक्रवारी ऐकूक मिळतला.”

तर बॉक्स आला. घाडींनी चष्मा लावला, टेप काढली, वही उघडली. वहीच्या पानावर उभी रेघ मारून एकीकडे ‘कागदावर’ आणि दुसरीकडे ‘प्रत्यक्ष’ असं लिहिलं. मग माहितीपुस्तकाचं शेवटचं पान काढलं. ते पान जगात कोणी वाचत नाही. घाडींनी ते तीनदा वाचलं.

“लांबी तीनशे नव्वद मिलिमीटर,” ते मोठ्याने म्हणाले. “बरोबर. उंची एकशे चार. बरोबर. प्रोसेसर आठ कोर. हे बाहेरून दिसत नाही. रॅम सोळा जीबी. हीसुद्धा दिसत नाही. हे असं झाकून का ठेवतात?”

“नारळ आणू का?” वनमालाबाईंनी विचारलं. नवीन वस्तू घरात आली की नारळ आणि गाऱ्हाणं हवंच. शिवाय हे घाडी. यांच्या घराण्याकडे गावच्या देवळात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान.

“तपासणी व्हायच्या आधी नारळ नाही. उद्या रिजेक्ट झाला तर देवाला काय तोंड दाखवू?”

संध्याकाळी ऋतिका आली, तिने आनंदाने मशीन टीव्हीला जोडलं आणि पडद्यावर साठवणीची जागा दिसली. झालं!

“थांब,” घाडी म्हणाले. “कागदावर एक टीबी. एक टीबी म्हणजे हजार जीबी. हा आठशे बेचाळीस दाखवतोय. खंय गेले दीडशे?”

“बाबा, ते सिस्टिमसाठी लागतात. सगळीकडे तसंच असतं.”

“सगळीकडे म्हणजे? हजार लिटरची टाकी सांगून आठशे बेचाळीसची दिली तर सोसायटी घेईल?”

“तसं नसतं हो ते!”

“माका शिकवू नको गो. सांगतात एक नि देतात एक. मग बाकीचंसुद्धा बघायला हवं.”

बाकीचं म्हणजे वीज. कागदावर जास्तीत जास्त साडेतीनशे वॅट. ते मोजण्यासाठी घाडींनी घरातले सगळे दिवे, पंखे आणि फ्रीज बंद केला, ऋतिकाला गेम चालू ठेवायला सांगितलं आणि स्वतः जिन्याखाली मीटरपाशी घड्याळ घेऊन बसले. मीटरचा लाल दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजून त्यांनी हिशेब केला. दोनशे दहा वॅट. पास! खुशीत वर आले, दिवे लावले, पंखे लावले. फ्रीज लावायचा राहिला.

बुधवारी सकाळी वनमालाबाईंनी फ्रीज उघडला आणि नाकाला पदर लावला. रविवारची कोलंबी गेली होती, सोलकढी गेली होती, ऋतिकाच्या आइस्क्रीमची पेज झाली होती.

“तुमचा त्या मशीन पास झाला,” त्या म्हणाल्या, “आणि माझा फ्रीज नापास. आता मंजुळा येईल तेव्हा दोन किलो बांगडे घ्या, नाहीतर वरणभात जेवा.”

मंजुळा वेसाव्याची कोळीण. बुधवार, शुक्रवार, रविवार, सकाळी अकराच्या ठोक्याला रिक्षातून टप उतरवून ती शिवसागरमध्ये यायची. आधी तिची सासू यायची, मग ही. सगळ्यांना ती मासळी वाट्यावर विकायची. हा वाटा एवढ्याला, तो वाटा तेवढ्याला, पटलं तर घ्या. फक्त घाडींना ते कधी पटलं नाही. “वाटा म्हणजे काय? त्याला माप काय? मला किलोत दे.” बारा वर्षांपूर्वी ते स्वतः तिच्याबरोबर मालाडला गेले आणि इलेक्ट्रॉनिक काटा पसंत करून तिला घ्यायला लावला. तो काटा मंजुळा फक्त दुसऱ्या मजल्यावर, फक्त घाडींच्या दारात काढायची. त्यामुळे घाडींचा काट्यावर पूर्ण भरवसा. भरवसा नव्हता तो मंजुळाच्या हातावर.

“पाणी निथळू दे आधी. पाणी तोलून देतेस?”

“पानी नाय ता घाडीदादा, ताजेपन हाय!”

“बोट काढ काट्यावरनं.”

“बोट तुमच्या नाकावं हाय काय माजा? दिसत नाय?”

“काटा मारतेस तू. मी इन्वर्डचा माणूस आहे.”

हे दर खेपेला. वनमालाबाई तोवर आत मसाला वाटून घेत.

पण माणूस एकतर्फी नव्हता, हेही सांगायला हवं. माल कमी आला तर ते घेत नसत, तसा जास्त आला तरी घेत नसत. ऋतिकाचा दहावीचा निकाल लागला तेव्हा मंजुळाने पोरीच्या नावाने पापलेटाची जोडी वर टाकली होती. घाडी ती जोडी घेऊन दोन मजले उतरले आणि टपात परत ठेवून आले. “ठरल्यापेक्षा जादा आलेला माल इन्वर्डला चालत नाही. जादा आला तरी रिजेक्टच.” मंजुळा त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. बारा वर्षांत ती गप्प बसलेली तेवढीच एक वेळ.

तर बुधवारी अकरा वाजता मंजुळाने दारात टप ठेवला, काटा मांडला, दोन किलो बांगडे तोलले. ठरल्याप्रमाणे भांडण झालं. आणि काटा उचलणार तेवढ्यात घाडींच्या डोक्यात वीज चमकली.

“थांब! काटा ठेव. एक वस्तू तोलायची राहिलीय.” ते आतून कन्सोल घेऊन आले. “कागदावर वजन साडेचार किलो लिहिलंय. बघू.”

मंजुळाने काट्यावर पालथा हात ठेवला. “ह्यावं नको. माशांचा काटा हाय, मशिनीला वास लागल.”

“फडकं घालतो.”

“पोरीची मशीन हाय. पडलीबिडली तर?”

“तेहेतीस वर्षं मी माल तोललाय, हात काढ.”

घाडींनी फडकं घातलं, काटा शून्यावर आणला, शून्य दोनदा तपासलं आणि कन्सोल ठेवला. आकडे नाचले आणि थांबले. चार किलो पन्नास ग्रॅम.

घाडींच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, की वनमालाबाईंना त्यांच्या लग्नाचा फोटो आठवला. “सापडला! साडेचारशे ग्रॅम कमी! म्हटलं होतं ना, सांगतात एक नि देतात एक? आतला पार्ट काढून घेतलेला आहे.”

मंजुळाचा चेहरा मात्र उतरला. “मशीन बराबर असल घाडीदादा. जाव द्या ना.”

“कशी बरोबर असेल? मग काय तुझा काटा खोटा आहे?”

मंजुळाने तोंड उघडलं, मिटलं, वनमालाबाईंकडे बघितलं. “काटा तुमीच घेतलाव ना पसंत करून,” ती पुटपुटली, टप डोक्यावर घेतला आणि पैसे न मागताच जिना उतरली. पैसे द्यायला घाडींना मागे धावावं लागलं.

ऋतिका संध्याकाळी आली ती उड्या मारत, आणि वही बघून खुर्चीत बसली. तिने आधी बापाला वेड्यात काढलं. मग इंटरनेटवर शोधलं आणि तिथे काय, माणसाला नको ते सगळं लगेच सापडतं. कोणीतरी लिहिलं होतं, मशीन वजनाला हलकं लागलं तर समजा की ते वापरलेलं, आतला थंडावा देणारा भाग काढलेला, महिनाभरात जळेल. दुसऱ्याने लिहिलं होतं, सात दिवसांत परत करा, नंतर कोणी विचारत नाही. बदली मशीनचा साठा नव्हता. सहा आठवडे लागणार होते.

“म्हणजे शुक्रवार गेला,” ती म्हणाली.

तिने देवेशला फोन लावला. तो म्हणाला, “चालतं गं. साइटवरून आलो की खेळू.” म्हणजे चार महिन्यांनी. फोन ठेवून ऋतिका मशीन बॉक्समध्ये भरायला लागली. चिकटपट्टी लावताना तिचे डोळे भरले, तेव्हा घाडी उठून गॅलरीत गेले.

त्यांना का वाईट वाटत नव्हतं? शुक्रवारसाठी त्यांनी स्वतः टीव्ही पुसून ठेवला होता. पोराचा आवाज फोनवर ऐकणं वेगळं आणि घरात भांडताना ऐकणं वेगळं. पण कमी माल तो कमी माल; उद्या मशीन जळलं तर पोरीचेच हात पोळणार. घाडींनी स्वतःला हे चार वेळा सांगितलं आणि चारही वेळा ते पुरतं पटलं नाही. रात्री जेवताना वनमालाबाईंनी त्यांच्या ताटात बांगडा वाढला तोही शेपटीकडचा.

गुरुवारी दुपारी मशीन न्यायला माणूस आला. नंदकिशोर त्याचं नाव, पाठीवर डोक्याएवढी उंच बॅग. ओटीपी ऋतिकाच्या फोनवर येणार म्हणून ती घरूनच काम करत होती.

“कारण काय टाकू, मॅडम?”

“वजन कमी,” घाडी आतून म्हणाले.

“वजन?” नंदकिशोर म्हणाला. “काका, शर्टाचा रंग आवडला नाही म्हणून परत देतात, हे पहिल्यांदाच ऐकतोय.”

ऋतिकाने ओटीपी सांगायला तोंड उघडलं आणि जिन्यातून आरोळी आली, “मशीन हाय काय गेली?”

वनमालाबाई दचकल्याच. गुरुवार! यांच्या घरात गुरुवारी मासळीचं नावसुद्धा काढत नाहीत, आणि दारात कोळीण उभी. पण टप नव्हता. मंजुळा आज स्वच्छ लुगडं नेसली होती, केसांत अबोली होती, आणि काखेत एक जाडजूड काटा होता. दोन जिने चढून तिला धाप लागली होती.

“परत तोला,” ती म्हणाली. “ह्या काट्यावं.”

“हा कोणाचा?” घाडींनी विचारलं.

“कोपऱ्यावरच्या हरेश्वर वाण्याचा. मागून आनलाय.”

“त्या चोराचा? त्याची किलोची साखर मी तुझ्या काट्यावर तोलली होती, नऊशे भरली! तेव्हापासून मी स्टेशनपलीकडनं साखर आणतो. दहा वर्षं झाली!”

“त्याची साखर बराबर होती,” मंजुळा म्हणाली आणि दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली. “आधी तोला. मग बोलतंव.”

नंदकिशोरने बॅग खाली ठेवली. त्याला पुढे तीन ठिकाणी जायचं होतं, पण आता त्याचा पाय निघेना. ऋतिकाने चिकटपट्टी फाडली. घाडींनी काटा सपाट जागी ठेवला, शून्य तपासलं, मशीन ठेवलं. साडेचार किलो. वर एक ग्रॅम नाही, खाली एक ग्रॅम नाही.

घाडींनी मशीन उचलून पुन्हा ठेवलं. साडेचार.

“मग काल...” ते म्हणाले.

“माजा काटा खोटा हाय.”

“सापडली!” घाडी एकदम ताठ झाले. बारा वर्षं ते या क्षणाची वाट बघत होते. “सांगत होतो की नाही मी, वनमाला? काटा मारते! बारा वर्षं सांगतोय!” आणि मग त्यांचा हात हवेतच राहिला. इन्वर्डचं डोकं ते, थांबून थांबून किती थांबणार? साडेचार किलो असताना चार पन्नास दाखवतो, म्हणजे काटा कमी दाखवतो. कमी दाखवतो, म्हणजे किलो दिसायला किलोपेक्षा जास्त घालावं लागतं. घाडी हळूच स्टुलावर बसले. “अगो, पण... हा तर उलटा मारलेला आहे.”

“तुमी रोज बोलताव काटा मारतंस, काटा मारतंस. मारला. तुमच्या बाजूनी मारला.” मंजुळाने पदराने कपाळ पुसलं. “पोरगी दहावी पास झाली तवा मी पापलेट दिला. तुमी दोन जिने उतरून आनून टाकलाव परत. भरल्या बिल्डिंगीत! कोलणीने लेकराला हातानं दिलेला कोन परत करतं? मना लय लागला. घरी जाऊन रडली मी. मग बोलली, थांब घाडीदादा. काटेवाल्याकडं गेली, बोलली, किलो ठेवला का नवशे दाखवला पायजे. तो बोलला, मावशी, येडी झालीस काय, लोक उलटा करून नेतात. बोलली, तू कर. तवापासून तुमच्या घरात किलोमागं शंभर ग्रॅम वर जातं. पोरीचा.”

“म्हणजे अकरा वर्षं?” ऋतिका म्हणाली.

“तू खाल्लास ना? मग झाला.”

“आणि मी रोज तुला चोर म्हणत होतो,” घाडी म्हणाले.

“म्हनत होताव. मना काय फरक? मना म्हाईत होता ना किती जातं ता. तुमी वरडलाव का मी अजून एक बांगडा टाकायची, तुमी गप. मजा वाटायची.” ती ऋतिकाकडे वळली. “सांगनार नव्हती मी. पन काल मशीन त्या काट्यावं ठेवली नि मना झोप नाय. सकाली तुमच्या शेजारनीनं फोनवं सांगला, मशीन परत चालली. माझ्यापायी भावाभयनीचा खेल मोडतंय म्हनजे काय? आता चिकटवू दे घाडीदादांना काय लाल चिकटवायचा तो.”

वनमालाबाई इतका वेळ पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि मंजुळासाठी पाणी आणि उपवासाची खिचडी घेऊन आल्या. एका हाताने त्यांनी डोळे पुसले, आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याच्या पाठीत एक बारीकसा धपाटा घातला.

घाडींनी वहीत काहीतरी मांडलं होतं. “आठवड्याला चार-साडेचार किलो. किलोमागे शंभर. वर्षाचे पन्नास-बावन्न आठवडे, अकरा वर्षं. अडीचशे किलो!” त्यांनी चष्मा काढला. “अडीचशे किलो जादा माल इन्वर्ड झाला आणि माझ्या लक्षात आलं नाही. हा माल परत करायला पाहिजे.”

“कसा करतलात?” वनमालाबाईंनी विचारलं. “पोटातलो?”

नंदकिशोर खो खो हसला आणि मग सावरून म्हणाला, “काका, मला उशीर होतोय. पिकअप कॅन्सल करू ना? कारण टाकावं लागतं.”

घाडी उठले. मशीन त्यांनी दोन्ही हातांनी उचलून ऋतिकाच्या हातात दिलं. “टाक,” ते म्हणाले, “तपासणीत चूक.” तेहेतीस वर्षं आणि वर निवृत्तीची नऊ, एवढ्या काळात हे दोन शब्द त्यांनी स्वतःबद्दल कधी उच्चारले नव्हते. मग हरेश्वरचा काटा त्यांनी स्वतःच काखेत मारला आणि परत द्यायला निघाले. येताना त्यांच्या हातात पाच किलो साखर होती. पिशवी त्यांनी तोलली नव्हती.

शुक्रवारी पावणेअकराला नारळ आला. टीव्हीतून देवेशचा आवाज येत होता, “ऐकू येतंय का? हॅलो, ऐकू येतंय?” वनमालाबाई टीव्हीच्या इतक्या जवळ बसल्या होत्या, की पडदा दिसत नव्हता. घाडींनी टोपी घातली, हात जोडले आणि खास मालवणी गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा! आज तुझ्या लेकरांनी ह्या यंत्र घराक हाडल्यानी आसा. ह्येचे आठ कोर, ते आठच रवांदे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” ऋतिका आणि वनमालाबाई म्हणाल्या, आणि अर्धा क्षण उशिराने मस्कतहून आलं, “व्हय म्हाराजा!”

“सोळा जीबीची रॅम कमी पडा नये. हजारातले दीडशे खंय गेले ता तुका म्हायत, माका नको सांगू म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“वजन साडेचार किलो आसा. ता बरोबर आसा. चूक माझी होती, ती पोटात घाल म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हे सगळ्यांत मोठ्याने वनमालाबाई म्हणाल्या.

नारळ फुटला, खेळ सुरू झाला आणि तिसऱ्या मिनिटाला ऋतिका ओरडली, “दादा, चीटिंग करू नकोस!” तिकडून तो ओरडला, “तुला खेळता येत नाही त्याला मी काय करू!” वनमालाबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या.

अकराच्या ठोक्याला मंजुळा आली. टप ठेवला, पण काटा बाहेर काढला नाही. “आज वाट्यावं घ्या घाडीदादा. काटा संध्याकाली काटेवाल्याकडं देतंव, नीट करायला. आता गुपित रायला नाय तर काय उपेग?”

“बघू,” घाडी म्हणाले. त्यांनी तिच्या पिशवीतून काटा काढला, उलटा केला, फडक्याने पुसला. मग आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात दोन्ही भेंडोळी होती, लाल आणि हिरवं. मंजुळाने हाताची घडी घातली आणि जे होईल ते होवो म्हणून वर छताकडे बघितलं.

घाडींनी हिरवं स्टिकर काढलं. काट्याच्या पुढच्या बाजूला नीट सरळ चिकटवलं, अंगठ्याने दाबलं, त्यावर सही केली, तारीख घातली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘फक्त घाडींच्या दारात’.

“वापरास योग्य,” ते म्हणाले. “कुठे नीटबीट करायचा नाही.”

“खोटा हाय तो,” मंजुळा म्हणाली.

“माका शिकवू नको. तेहेतीस वर्षं इन्वर्डला होतो मी.”

मंजुळाने स्टिकरवरून एकदा बोट फिरवलं. तिला ते वाचता येत नव्हतं, पण रंग कळत होता. मग तिने काटा मांडला आणि एक मोठी सुरमई उचलून वर ठेवली.

तेवढ्यात टीव्हीतून आवाज आला, “आई, दारात मंजुळामावशी आलीय का? आज भांडण का ऐकू येत नाही? मी मुद्दाम अकराची वेळ ठेवली होती!”

घाडींनी मंजुळाकडे बघितलं. मंजुळाने घाडींकडे बघितलं आणि पदर खोचला.

“बोट काढ आधी काट्यावरनं!” घाडी मस्कतला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. “आणि पाणी निथळू दे!”